अण्णांच्या बॅटरीसाठी घेतलेल्या स्प्रिंगा: तीन पाकिटं वापरून बघितल्यावर

आमच्या गावाकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालायचा तो सेल, मी पण तसंच लिहितो म्हणजे गोंधळ नको. गाव कराडच्या बाजूला, सगळा ऊस, आणि शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी पाळीनं येते, त्यामुळं रात्रपाळी असली की अण्णा रात्री एक-दोनला उठून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातात. उसात घोणस असते, मण्यार तर रात्रीच फिरते, तिथं हातातली बॅटरी मध्येच मंद झालेली चालत नाही. म्हणून मी त्यांना एका 18650 सेलवर (चार्ज होणारा लिथियमचा सेल) चालणारी ॲल्युमिनियमची चांगली बॅटरी घेऊन दिलेली, फुल उजेडावर 2.8 अँपिअर ओढते. पण अण्णा सारखे सांगायचे, पंधरा मिनिटांत उजेड उतरतो आणि मागची टोपी गरम लागते.

मला आधी सेलवरच संशय. नवा सेल घातला, तरी तेच. मग सुट्टीत गेलो तेव्हा उजेड उतरल्या उतरल्या सेल काढून मोजला तर 3.9 व्होल्ट, म्हणजे सेलमध्ये निम्म्याहून जास्त जीव शिल्लक आणि एलईडीपर्यंत तो पोचतच नाहीये. राहिल्या दोन स्प्रिंगा, एक टोपीतली आणि एक पुढं ड्रायव्हरवरची, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या छोट्या सर्किटवरची.

इथं एक सांगतो, स्प्रिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साध्या मल्टिमीटरनं मोजायला जाऊ नका, प्रोबच्या वायरीचाच रेझिस्टन्स जास्त भरतो आणि आकडा काहीच्या काही येतो. मी पॉवर सप्लायवर करंट 1 अँपिअरला लावला, तो स्प्रिंगमधून सोडला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून स्प्रिंगच्याच दोन टोकांना प्रोब टेकवले. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिओहम, सरळ हिशेब. मूळच्या स्प्रिंगा निकेल चढवलेल्या स्टीलच्या, एकेक साधारण 70 मिलिओहम. दोन्ही मिळून 140, आणि 2.8 अँपिअरला तिथंच जवळजवळ 0.4 व्होल्ट खाल्ले जातात, एक वॅटच्या वर नुसती उष्णता, टोपी गरम होणारच की. सेल भरलेला असताना हे खपून जातं, पण एलईडीला सव्वातीनच्या आसपास व्होल्ट लागतात, सेल थोडा खाली आला की पुरत नाहीत आणि उजेड उतरतो.

मग स्प्रिंगा मागवल्या. पहिलं पाकीट पुण्यात बुधवार पेठेतून, तिथं फॉस्फर ब्रॉंझच्या (तांबं आणि कथलाचा मिश्रधातू) निमुळत्या स्प्रिंगा मिळाल्या, त्याच उंचीच्या, 0.7 मिमी तारेच्या, सोनेरी मुलामा दिलेल्या. मोजल्या तर 37-38 मिलिओहम, म्हणजे जवळपास निम्म्यावर आलं. मुलाम्याबद्दल एवढंच की त्यानं टेकणारा भाग गंजत नाही, ऑक्साइड धरत नाही, ते चांगलंच, पण करंट जातो आतल्या तारेतून, त्यामुळं सोनेरी दिसतेय म्हणून स्प्रिंग भारी असं समजू नका, आत काय आहे ते विचारा.

दुसरं पाकीट ऑनलाईन, बेरिलियम कॉपर (तांब्यात थोडं बेरिलियम मिसळलेला मिश्रधातू) म्हणून लिहिलेलं, दिसायला एकदम तांब्यासारखं लालसर. चुंबक लावला तर टपकन चिकटलं. ब्लेडनं खरवडलं तर आत पांढरं स्टील, वरून नुसता तांब्याचा हात दिलेला. याचा मला खरंच राग आला, कारण माणूस विश्वासानं घेतो, बसवतो, आणि अंधारात चालणारा वेगळाच असतो. पैसे परत मिळाले पण तीन आठवडे गेले. तर चुंबक जवळ ठेवाच. जोरात चिकटली तर स्टील. निकेलचा थर असेल तर ब्रॉंझची पण किंचित ओढली जाते, तेवढा फरक हाताला कळतो. स्टेनलेसची मात्र कधी कधी अगदी हलकीच चिकटते आणि फसवते, आणि करंटसाठी तीच सगळ्यात वाईट.

तिसरं पाकीट दुसऱ्या विक्रेत्याकडून, खरं बेरिलियम कॉपर, चुंबकाला ढिम्म, आणि मोजलं तर 22-23 मिलिओहम. करंट वाहून न्यायच्या बाबतीत शुद्ध तांबं 100 धरलं तर फॉस्फर ब्रॉंझ 15 च्या आसपास, हे बेरिलियम कॉपर 22 ते 28, स्प्रिंगचं साधं स्टील 10 च्या आतबाहेर आणि 304 स्टेनलेस जेमतेम अडीच. मग तांब्याचीच स्प्रिंग का नाही? मी तार गुंडाळून करून बघितली, तांबं मऊ, चार-पाच वेळा टोपी आवळली की स्प्रिंग बसते ती परत उठत नाही. बेरिलियम कॉपर मात्र दाबून सोडलं की परत उठतं, बॅटरी बांधावर आपटली तरी सेल आत हलून लाईट मिचकत नाही. फक्त त्याला कानस लावू नका, बेरिलियमची धूळ फुप्फुसाला फार वाईट, नुसतं हाताळायला आणि सोल्डर करायला काही अडचण नाही.

बरेच जण स्टीलची स्प्रिंग तशीच ठेवून वरच्या टोकापासून तळापर्यंत मऊ सिलिकॉन वायरीचा तुकडा सोल्डर करतात. मी ते पण केलं, वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स एक-दीड मिलिओहम, जोडासकट चारेक आला, म्हणजे आकड्यात हे सगळ्यांच्या पुढं. माझ्या स्वतःच्या ट्रेकच्या बॅटरीत तेच आहे. पण अण्णा रोज टोपी उघडून सेल चार्जिंगला काढतात, रोजच्या दाबानं वायर सोल्डरपाशी तुटायची भीती, आणि तुटली तर रात्रीच कळणार. म्हणून त्यांना बेरिलियम कॉपर, पुढं आणि मागं दोन्हीकडं.

बसवताना घाई करू नका. टोपीतली रिंग नोज प्लायरनं फिरवून काढायची, 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि भरपूर फ्लक्स, झटक्यात डाग द्यायचा, नाहीतर स्विच वितळतो. उंची आधीच मोजा, प्रोटेक्शनवाला (सुरक्षेचं छोटं सर्किट जोडलेला) सेल 65 मिमीपेक्षा तीन-चार मिमी लांब असतो, स्प्रिंग उंच असली तर टोपी आवळताना सेलचा तळ दाबला जातो.

आता फुलवर अर्धा तास उलटला तरी उजेड तसाच आहे, टोपी कोमट. माझ्या मते रोज वापरायची, अडीच-तीन अँपिअरची बॅटरी असेल तर बेरिलियम कॉपरच घ्या, नाही मिळालं तर फॉस्फर ब्रॉंझ, आणि घरातली छोटी एक अँपिअरच्या आतली असेल तर आहे ती स्टीलचीच स्वच्छ ठेवा. गंजलेली मात्र काचपेपरनं घासत बसू नका, निकेल निघून जातं आणि दुप्पट गंजते, बदलूनच टाका.

परवा अण्णांचा फोन आला, चुलत्यांच्या बॅटरीला पण बसंल का म्हणून. त्यांची दोन मोठ्या सेलची जुनी पत्र्याची आहे, तिची स्प्रिंग रुंद लागते आणि माझ्याकडच्या तिच्यात सैल होतात, त्यामुळं माप घेऊन ठेवलंय, बुधवार पेठेत गेलो की फॉस्फर ब्रॉंझमध्ये बघतो.