बर्फातल्या वेशीचं ‘१८५०’चं तैलचित्र: ३८ हजारांना विकलेली कॅनव्हास प्रिंट

“वाडा उतरवताना माळ्यावर सापडलं” असं सांगून जुन्या नाशकात एक ‘जर्मन तैलचित्र’ विकलं गेलं. बर्फाने भरलेला रस्ता, पलीकडे लाल विटांच्या दोन जाडजूड बुरुजांची वेस, कोपऱ्यात सही आणि १८५०. घेणाऱ्यांनी ३८ हजार रोख मोजले, तेही बिलाशिवाय.

ती वेस जर्मनीतल्या ल्यूबेक शहराची, होल्स्टनटोर. बांधकाम १४६४ ते १४७८. चित्रात तिच्या शहराकडच्या बाजूला १४७७ आणि १८७१ असे दोन आकडे स्पष्ट वाचता येतात. ते बसले १८७१ ला संपलेल्या दुरुस्तीत. मग १८५० साली रंगवणाऱ्याला ते दिसले कुठून? साल लिहिलेलं असेल तर चित्रातली इमारत त्या साली कशी होती, हे आधी शोधा. फुकटात होतं.

नंतर भिंग. सराफ वापरतात तसलं १० पटीचं पुरतं. बर्फावरच्या निळसर सावलीवर धरा. इथे शाईचे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके सुटे दिसले. म्हणजे प्रिंट. वरून पारदर्शक जेल ब्रशने फासलं होतं, म्हणून बोटाला उंचवटे लागत. पण ते फराटे बुरुजावरून सरळ आभाळात गेले होते. हाताने रंगवलेल्या बर्फात रंग जिथे जाड, तिथेच उंचवटा असतो. दोन्ही सोबत वळतात.

मागची बाजू चहाच्या पाण्याने सगळीकडे सारखी पिवळी केलेली. खरं जुनं कापड उघड्या भागात काळवंडतं आणि लाकडी पट्टीखाली फिकट राहतं. कडेला छोट्या खिळ्यांऐवजी स्टेपलच्या पिना होत्या. एवढ्यावरून मात्र खोटं ठरवू नका, जुनी चित्रंही नव्याने ताणली जातात.

स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावून तर अजिबात बघू नका. चित्र खरं निघालं तर कायमचं खराब होईल.

शंभर वर्षांवरचं चित्र विकायचा धंदा करणाऱ्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. तो मागा. पैसे बँकेतून द्या आणि बिलावर ‘हाताने रंगवलेले तैलचित्र’ व सांगितलेलं साल लिहून घ्या. दुकानदाराने फसवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.