ग्रँड कॅन्यनच्या तळाशी: पायी, खेचरावर की नदीतून?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर उभे राहून खाली पाहणाऱ्या बहुतेकांना कोलोरॅडो नदी नीट दिसतच नाही. एखाद्या वळणावर तिचा दोरीएवढा तुकडा चमकतो, एवढेच. ज्या नदीने ही सुमारे दीड किलोमीटर खोल आणि काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद दरी कोरली, तिच्या पाण्यात हात घालायचा असेल, तर तळाशी उतरावे लागते. त्यासाठी तीन वाटा आहेत. स्वतःच्या पायांनी उतरता येते, खेचरावर बसून जाता येते, किंवा वरच्या अंगाने होडीत बसून नदीबरोबर दरीत शिरता येते. या तिन्हींची तुलना करताना लोक प्रथम खर्च विचारतात आणि मग धोका. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: तळाशी पोचल्यावर आपल्याला पुन्हा वर कोण आणणार आहे? त्याचे उत्तर एकदा मिळाले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, कारण आपल्या डोंगरांनी आपल्याला उलटी सवय लावलेली आहे. राजगड असो की कळसूबाई, आधी चढ येतो. तासाभरात दम लागला, गुडघा कुरकुरू लागला, तर माणूस थांबतो, पाणी पितो आणि खाली परततो. सांधण दरीसारखे अपवाद वगळले तर आपला डोंगर चूक लवकर दाखवतो आणि ती सुधारायची संधीही देतो. ग्रँड कॅन्यन तसे करत नाही. तेथे सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, आखीव वाटेवरून उतरताना सगळे सोपे वाटते, आणि आपण किती खोल आलो याची जाणीव होते तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते आणि सगळा चढ पुढे उभा असतो. शिवाय तळाशी काठापेक्षा साधारण 11 अंश सेल्सिअस अधिक उष्णता असते. जून ते ऑगस्ट या काळात तळाचे तापमान 40 अंशांच्या वर जाणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे.

दक्षिण काठावरून पायी उतरणाऱ्यांसाठी दोन मुख्य वाटा आहेत. साउथ कायबाब ही वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा देखावा सतत उघडा राहतो, पण तिच्यावर सावली जवळजवळ नाही आणि पिण्याचे पाणी तर अजिबात नाही. नदीकाठच्या छावणीपर्यंत ती सुमारे 11 किलोमीटरची असून तेवढ्या अंतरात जवळजवळ 1,450 मीटर उतरते. ब्राइट एंजल ही वाट 15 किलोमीटरची आहे. ती घळीच्या पोटातून नागमोडी जाते, तिच्यावर विसाव्याच्या जागा आहेत आणि सुमारे सात किलोमीटरवर हावासुपाय गार्डन्स नावाचा झाडांचा हिरवा पट्टा लागतो. हावासुपाय या अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आणि शेती येथे होती. त्यांना येथून हुसकावणे 1928 पर्यंत चालले. या जागेला त्यांचे नाव मिळायला 2022 साल उजाडावे लागले. तेथील गार सावलीत बसताना हे माहीत असलेले बरे.

अनुभवी लोक सहसा कायबाबने उतरून ब्राइट एंजलने चढतात, आणि माझाही सल्ला तोच आहे. चढताना पाणी आणि सावली हवी, उतरताना छोटी वाट हवी, एवढे साधे कारण त्यामागे आहे. मात्र ब्राइट एंजलवरच्या नळांवर डोळे झाकून विसंबू नये. त्यांना पाणी पुरवणारी जुनी जलवाहिनी अनेकदा फुटते आणि वरच्या विसाव्यांवरचे पाणी हिवाळ्यात बंद असते. निघण्याच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटा आणि नळ यांची स्थिती पाहणे आवश्यक आहे.

एकाच दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, अशी सूचना उद्यान प्रशासन ठिकठिकाणी फलक लावून देते. सुदृढ माणसाला ती अतिसावध वाटते. ती तशी नाही. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असा तेथील हिशेब आहे, आणि दरवर्षी 250 हून अधिक लोकांना या दरीतून सोडवून आणावे लागते. त्यांत तरुण आणि तंदुरुस्त माणसेही असतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खोल वाटेवर चालू नये, हाही तेथील स्पष्ट सल्ला आहे.

पहिल्या खेपेला मी पाणी भरपूर नेले होते आणि तेवढ्याच निष्ठेने ते प्यायलेही. चढताना, काठापासून तीन मैलांवरच्या विसाव्यापाशी मला मळमळू लागले, हात सुजल्यासारखे झाले आणि समोरच्या पायऱ्या मोजताना आकडा चुकू लागला. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी माझ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, तो पाण्याचा नव्हता. ‘खारट काय खाल्लेस?’ असे त्यांनी विचारले आणि खाऱ्या बिस्किटांची पिशवी पुढे केली. घामाबरोबर मीठ जात असताना नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घसरते आणि तेही जिवावर बेतू शकते. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिवडा, खारे शेंगदाणे आणि मीठ-साखर-लिंबाची पूड असते. अमेरिकन दुकानातील गोड बारपेक्षा आपला चिवडा या दरीत अधिक उपयोगी पडतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

पायी जाण्याचे खरे मोल मात्र दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळत नाही. काठावरचा कायबाब चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा आहे, तर तळाचा ‘विष्णु शिस्ट’ नावाचा काळा खडक 170 कोटी वर्षांहून जुना आहे. आपल्या पायांखालचा दख्खनचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, हे ध्यानात घेतले की उतरणीचे प्रत्येक वळण जड वाटू लागते. खडकाचा रंग पांढुरक्यावरून तांबडा, तांबड्यावरून हिरवट आणि शेवटी काळा होतो आणि बुटांवर बसणारी धूळही त्याबरोबर रंग बदलते. या दरीतल्या शिखरांना विष्णु आणि शिव यांची नावे भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी 1880 च्या सुमारास दिली. ती ओळखीची नावे नकाशावर पाहून आपल्या माणसाला वाटणारे नवल मीही अनुभवले आहे.

खेचराची सवारी ज्यांना ‘चालणे नको म्हणून’ हवी असते, त्यांचा बहुधा भ्रमनिरास होतो. उतरताना पाच-साडेपाच तास खोगिरावर बसावे लागते, मांड्या आणि गुडघे ताठतात, आणि खेचर वाटेच्या कडेच्या बाजूने चालणे पसंत करते, त्यामुळे स्वाराचा एक पाय वेळोवेळी दरीवर लोंबकळतो. उंचीची भीती असलेल्याने हा विचार सोडून द्यावा. उलट ज्याला चढण जमणार नाही, पण पाठ आणि नजर शाबूत आहे, त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे, कारण वर आणण्याचे काम येथे पूर्णपणे जनावर करते. पर्यटकांना खेचरावरून खाली नेण्याची प्रथा 1880 च्या दशकापासून चालत आली आहे आणि आजही तळाच्या फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणी धान्य आणि सामान खेचरेच वाहून नेतात. तेथून टाकलेल्या पत्रावर ते खेचराने वर आले असल्याचा शिक्का बसतो.

अटी मात्र कडक आहेत. मुक्कामाच्या सवारीसाठी कपडे, बूट, कॅमेरा धरून वजन 200 पौंडांच्या, म्हणजे साधारण 90 किलोंच्या आत लागते. मूल किमान नऊ वर्षांचे आणि चार फूट नऊ इंच उंचीचे असावे लागते. इंग्रजी नीट समजणे आणि बोलता येणे हीही अट आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत ती अनेकांच्या लक्षात येत नाही. तिचा उद्देश सुरक्षिततेचा आहे, कारण वाटाड्याची सूचना त्याच क्षणी समजली पाहिजे. खर्च एका माणसामागे, तळाचा मुक्काम आणि जेवण धरून, हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून अधिक जातो.

नदीची वाट या दोन्हींपेक्षा मुळातच वेगळी आहे. येथे आपण दरीत उतरत नाही. लीज फेरी येथे, जिथे गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, तिथे होडीत बसतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दिवसागणिक वर वाढत जातात. तेथून डायमंड क्रीकपर्यंतचा 360 किलोमीटरहून लांब प्रवास मोटरच्या मोठ्या रबरी तराफ्यावरून साधारण आठवड्याभरात होतो आणि वल्ह्यांच्या होडीतून दोन आठवडे किंवा अधिक लागतात. मोटरच्या होड्यांना 1 एप्रिल ते 15 सप्टेंबर एवढीच मुभा आहे. ज्यांना शांतता हवी त्यांनी त्यानंतरचा काळ निवडावा. खर्च काही हजार डॉलरचा आहे, पण त्यात जेवण, सामान आणि वाटाडे सारे येते, आणि शेवटी गाडी आपल्याला वर नेते. पूर्ण प्रवासात चढ कोणाच्याच वाट्याला येत नाही, ही या वाटेची फार मोठी सोय आहे.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना एक गोष्ट ओळखीची वाटेल, ती म्हणजे दोन्हीकडे प्रवाहाचा जोर धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. साम्य तेथेच संपते. कोलाडचा खेळ काही तासांचा असतो. येथे ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलातून आलेले पाणी इतके थंड असते की बाहेर चाळीस अंश तापलेले असतानाही एका लाटेने दात वाजू लागतात. क्रिस्टल आणि लाव्हा फॉल्स हे खळाळ जगभरच्या नावाड्यांना ठाऊक आहेत. 1869 साली जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या सैनिकी अधिकाऱ्याने लाकडी होड्यांतून ही दरी पार केली, तेव्हा पुढच्या वळणावर काय आहे हे सांगणारे कोणीच नव्हते.

नदीवरच्या रोजच्या जगण्याबद्दल जाहिरातींत फारसे नसते, म्हणून स्पष्ट लिहिते. वाळूवर झोपायचे असते. शौचासाठी धातूची पेटी असते आणि तिच्यातील सर्व काही होडीतूनच बाहेर नेले जाते. लघवी मात्र थेट नदीत करायची, असा नियम आहे. नदीला आई मानत वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्या दिवशी ते फार जड गेले. मग वाटाड्याने वाळूचा किनारा दाखवून सांगितले की येथे पाऊस इतका कमी पडतो की वाळूत मुरलेला वास महिनोन्महिने जात नाही, आणि त्याच वाळूवर उद्या दुसरे कोणी अंथरूण घालणार असते. त्या स्वच्छतेमुळेच ब्लॅकटेल कॅन्यन या बाजूच्या घळीच्या गार पोकळीत मी खडकाच्या दोन थरांमधल्या सांध्यावर निवांत हात ठेवून बसू शकले. तळहाताच्या वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये शंभर कोटींहून अधिक वर्षे गहाळ आहेत.

ज्यांच्याकडे आठवडा नाही, त्यांना अर्ध्या प्रवासाचा पर्याय दिला जातो, आणि येथे निवड फार विचारपूर्वक करावी. वरचा अर्धा भाग घेतल्यास फँटम रँचपाशी होडी सोडून स्वतःची पिशवी घेऊन ब्राइट एंजलचा 1,300 मीटरहून अधिक चढ पायी चढावा लागतो. खालचा अर्धा भाग घेतल्यास आधी तेवढेच पायी उतरावे लागते आणि मग नदी पुढे नेते. दमाचा त्रास असलेल्याने खालचा भाग घ्यावा. गुडघे दुखणाऱ्याला दोन्ही अर्धे भाग सोयीचे नाहीत. त्याने पूर्ण प्रवास करावा किंवा ग्लेन कॅन्यन धरणाखालून लीज फेरीपर्यंतची संथ पाण्याची एका दिवसाची फेरी घ्यावी. तिच्यात खळाळ नाहीत, पण उंच तांबड्या भिंतींमधून जाण्याचे सुख आहे, आणि सत्तरीतल्या आई-बाबांसाठी मी तीच सुचवते.

लास व्हेगसहून हेलिकॉप्टरने ‘कॅन्यनच्या तळाशी’ नेणाऱ्या सहली वालापाय या मूळ रहिवासी लोकांच्या पश्चिमेकडील भूमीवर उतरतात. काचेचा स्कायवॉकही तेथेच आहे. तो भाग राष्ट्रीय उद्यानात येत नाही आणि दक्षिण काठापासून गाडीने काही तासांच्या अंतरावर आहे. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा बेत आखू नये.

ऋतूचे म्हणाल तर पायी जाण्यासाठी एप्रिलचा उत्तरार्ध, मेचा आरंभ आणि ऑक्टोबर हे दिवस चांगले. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या टप्प्यावर बर्फ गोठतो आणि बुटांना काटे लावावे लागतात. ॲरिझोनातही जुलै-ऑगस्टच्या पावसाला मान्सूनच म्हणतात, आणि तो कोरड्या घळीत काही मिनिटांत लोंढा आणतो.

तिन्ही वाटांची नोंदणी फार आधी करावी लागते, आणि अनेकांची निवड शेवटी तीच करते. फँटम रँचच्या खोल्यांची सोडत 15 महिने आधी निघते. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात जायचे असेल तर अर्ज यंदाच्या जुलैत 1 ते 25 तारखेदरम्यान करावा लागतो. खेचरांच्या जागाही वर्षभर आधी भरू लागतात. तंबूच्या मुक्कामाचा परवाना चार-पाच महिने आधीच्या सोडतीत मिळू शकतो, त्यामुळे उशिरा जागे झालेल्यांसाठी पायी वाटच अधिक हाती लागते. भारतातून येणाऱ्यांनी आणखी एक खर्च धरावा: 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याला वार्षिक पास नसेल तर या उद्यानात नेहमीच्या प्रवेशशुल्कावर 100 डॉलर जादा द्यावे लागतात. प्रवासविमा घेताना त्यात दरीतून हेलिकॉप्टरने सोडवून आणण्याचा खर्च येतो का, हे कागदावर वाचून घ्यावे. अनेक साध्या विम्यांत तो नसतो.