आठ महिने, दोन फिल्टर आणि एक अडकलेली रिंग

परवा वाळवंटातल्या डोंगरांमागून मृग नक्षत्र वर येत होतं आणि माझा डिफ्यूजन फिल्टर, म्हणजे प्रकाश पसरवणारी काच, लेन्सवरून निघेना. आट्यांत वाळूचा एक कण, बस्स. अर्धा तास झटलो. बोटांच्या चिमटीत दाबली की फिल्टरची पातळ रिंग लंबगोल होते आणि आणखीच घट्ट बसते. सकाळी रबरी हातमोजा घालून, तळव्यानं हलकेच फिरवली तेव्हा कुठे सुटली. तोवर रात्र गेली होती.

रिंग निघणं इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. तेजस्वी तारा सेन्सरवर नुसता पांढरा ठिपका उमटवतो. हा फिल्टर त्याचा प्रकाश आजूबाजूला थोडा पसरवतो आणि त्या वलयात रंग टिकतो. मृगातले तारे, काक्षी तांबूस, राजन्य निळसर, अगदी डोळ्यांना दिसतात तसे. पण तोच फिल्टर डोंगराची धारदार कडा पुसट करतो. म्हणून आकाश फिल्टर लावून टिपायचं आणि डोंगर फिल्टर काढून. रिंग अडकली की अर्धा फोटो हातचा गेला. विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, ‘वाळू वॉरंटीत बसत नाही.’ वाळवंटातले फोटो दाखवूनच फिल्टर विकता ना! फार राग आला.

सुरुवातीला मला हा फिल्टर म्हणजे उगाचचा खर्च वाटला होता. आज मत उलट आहे. माझा लाडका होता तो प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर. त्याची काच ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश शोषते. क्षितिजावरचा नारिंगी धुरळा खरंच उतरला होता. पण पुढच्या खेपेला डोंगरापलीकडच्या गावात पांढरे एलईडी होते. त्यांचा प्रकाश सगळ्याच रंगांत पसरलेला, फिल्टर अडवणार काय? फोटोवर निळसर झाक तेवढी आली, शिवाय प्रकाश घटला म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागला. तेजोमेघ लाल उठून दिसतील म्हणून तर हा घेऊच नका. ६५६ नॅनोमीटरचा तो लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काचच बराचसा अडवते.

डिफ्यूजन फिल्टर मात्र जरूर घ्या, पण पितळी रिंगचा मिळाला तर तोच. माझी ॲल्युमिनियमची आहे, म्हणून आता लावण्याआधी आटे ब्रशनं झाडतो आणि रिंग टेकली की पाव फेरा मागे घेतो.