दहा रविवार, एक अंगठी : शेरोच्या 'रिंग'सोबत सात महिने

जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'रिंग' या ऑपेरा-मालिकेच्या, जर्मनीतल्या बायरॉइटमधल्या एका प्रयोगाचा डीव्हीडी संच घेऊन सात महिने झाले. दिग्दर्शक पात्रिस शेरो, संगीत संचालन पिएर बुलेझ यांचं. प्रयोग १९७६ साली रंगमंचावर आला आणि १९७९-८०मध्ये चित्रित झाला. चार ऑपेरा मिळून जवळजवळ चौदा तास. आधी मी चार दिवसांत चारही बघायला बसले आणि दुसऱ्याच रात्री थकले. मग ठरवलं, रविवारी एकच अंक. 'राइनगोल्ड' एकअंकी, बाकीचे तिन्ही तीन-तीन अंकांचे, म्हणजे दहा रविवार. सध्या तिसरी फेरी चालू आहे.

संगीत नाटक ऐकत वाढलेल्या कानाला पहिली अडचण ही, की पद कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं तेच कळत नाही. टाळीला जागा नाही, वन्स मोअरला तर नाहीच. वाद्यवृंद वाहत राहतो आणि त्यात ठरावीक सुरावटी पुन्हा पुन्हा वर येतात: तलवारीची, अंगठीची, देवांच्या महालाची. पहिल्या फेरीत मला तलवारीचीच तेवढी ओळखू आली. दुसरीत मात्र एका जागी मी डिस्क थांबवून मागे नेली. 'राइनगोल्ड'च्या पहिल्याच प्रवेशात जलकन्या सांगते, की जो प्रेमाचा त्याग करील त्यालाच या सोन्याची अंगठी घडवता येईल. पुढे 'वालक्यूर' या दुसऱ्या ऑपेरात नायक सीगमुंड झाडात रुतलेली तलवार उपसतो, प्रेमाच्या अगदी ऐन भरात, आणि गातो तीच सुरावट! याचं कारण मी अजून शोधते आहे. बहुधा चौथ्या फेरीतही शोधत असेन.

शेरोने देवांना वाग्नरच्याच शतकातले कोट घातले आणि राइन नदीच्या जागी धरण उभं केलं. बायरॉइटचं नाट्यगृह १८७६ साली याच 'रिंग'ने उघडलं होतं. शताब्दीच्या वर्षी एका फ्रेंच दिग्दर्शकाने असं काही करावं याचा पहिल्या वर्षी प्रेक्षकांना भयंकर राग आला, शिट्ट्या वाजल्या. १९८०च्या अखेरच्या प्रयोगानंतर त्याच नाट्यगृहात तासाहून अधिक वेळ टाळ्या चालू होत्या.

मला हा प्रयोग धरून ठेवतो तो वोटानमुळे. डोनाल्ड मॅकिन्टायरचा वोटान देवांचा राजा असला तरी मला दिसतो तो स्वतःच्याच करारांत अडकलेला बाप. 'वालक्यूर'च्या दुसऱ्या अंकात तो आरशासमोर उभा राहून मुलीजवळ, ब्रुनहिल्डजवळ, मन मोकळं करतो. मागे मोठा लंबक हलत असतो. 'शेवट' हा एकच शब्द त्याला आता हवा असतो, आणि तो लंबक थांबतो. त्याच अंकाच्या अखेरीस, ज्या मुलाला त्याने स्वतःच मरू दिलं त्या सीगमुंडला तो मिठीत घेतो. चित्रीकरणाचा दिग्दर्शक ब्रायन लार्जचा कॅमेरा इथे इतका जवळ जातो, की नाट्यगृहातल्या मागच्या रांगेत बसून हे चेहरे असे दिसले नसते. तिसऱ्या अंकात वोटान ब्रुनहिल्डचा निरोप घेतो, त्या वेळी आई भाजी निवडता निवडता बाहेर आली होती. भाषा कळत नसतानाही ती शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, "लेकीची पाठवणी आहे ना ही?" मी "हो" म्हटलं. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

उणिवा आहेत. चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं आणि काही प्रवेश इतके अंधारे, की दिवसा पडदे ओढूनच बघावं लागतं. मानफ्रेड युंगचा सीगफ्रीड, म्हणजे तिसऱ्या ऑपेराचा नायक, मला पातळ वाटतो. तो भट्टीवर तलवार घडवतो तेव्हा तर वाद्यवृंदापुढे आवाज कमीच पडतो. ग्वेनेथ जोन्सचा आवाज लांबवलेल्या सुरांवर हलतो, पण तिची ब्रुनहिल्ड बापासमोर उभी राहून जाब विचारते तेव्हा मला ते हलणंही चालतं. हाइन्झ झेडनिकचा अग्निदेव लोगे आणि पुढे त्याचाच बुटका लोहार मिमे, या दोन भूमिकांसाठी मात्र मी अख्खा संच पुन्हा विकत घेईन. बुलेझची लय वेगवान आहे. संथ, भारदस्त वाग्नरची सवय असलेल्यांना ती खटकेल. मला त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

चौदा तासांची धास्ती वाटत असेल तर 'राइनगोल्ड'पासून सुरू करू नका. 'वालक्यूर'चा पहिला अंक लावा. साधारण तासाभराचा आहे, गाणारी पात्रं तीनच, बाहेर वादळ आणि दारात एक थकलेला अनोळखी माणूस. कथेचा सारांश आधी वाचून ठेवा, म्हणजे सबटायटल्सवर डोळे खिळून राहणार नाहीत.