ॲव्हरेज ब्रेकमध्ये असतं: फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड, दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे चालवल्यावर

आमच्या अण्णांकडे टाटाची चारशे सात होती. चांदवडकडून लासलगाव मार्केटला कांदा वाहायची. तिच्या डॅशबोर्डच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. टाकी फुल केली की किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे आणि तिथेच पंपावर उभं राहून भागाकार करायचा. आठ-साडेआठच्या खाली आकडा आला की दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रीकडे. ती सवय माझ्यातही आली. मी आता मिशिगनमध्ये नोव्हायला राहते, गावाबाहेर अर्धा एकर जमीन भाड्याने घेऊन मेथी, अंबाडी, घेवडा, वांगी लावते आणि शनिवारच्या बाजारात विकते. गाडी २०२३ ची फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड. खणात वही आहे, फक्त पुठ्ठा निळा.

फोनवर अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देती?" त्यांना एका आकड्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे एवढं लिहिते आहे.

आधी गाडीची ओळख. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो डोळ्यांसमोर येते, अमेरिकेत पिकअप म्हटलं की घराएवढा ट्रक. मॅव्हरिक या दोन्हींच्या मधली. चार दारं, पाच माणसं आणि मागे साडेचार फुटांचा हौदा. हौद्यातल्या मालासकट सगळं मिळून दीड हजार पौंड, म्हणजे ६८० किलो वजन घेते. त्यात माणसंही मोजायची. आपल्या गाडीचा नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, तोच खरा मानायचा. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून १९१ हॉर्सपॉवर. बॅटरी अगदी लहान, १.१ युनिटची. घरी चार्जिंगला लावायची भानगड नाही. बॅटरी भरायची ती इंजिनाने, नाहीतर ब्रेकने.

सरकारी आकडा शहरात ४२, हायवेला ३३ आणि एकत्रित ३७ मैल दर गॅलनला. आपल्या हिशेबात शहरात लिटरला १७.९ किलोमीटर, हायवेला १४ आणि सरासरी १५.७. शहरात जास्त आणि हायवेला कमी, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही छपाईची चूक वाटते. आयुष्यभर आपण उलटंच ऐकलेलं असतं. पण हायब्रिडची कमाईच मुळी थांबण्यात आहे. साध्या गाडीचा वेग ब्रेकच्या पट्ट्यांत घासून उष्णता होऊन जातो. इथे तोच वेग मोटरला फिरवतो, मोटर जनरेटर होते, आणि सिग्नलला थांबेपर्यंत त्यातला बराचसा परत बॅटरीत गेलेला असतो. हिरवा दिवा लागला की गाडी त्याच जोरावर निघते, इंजिन झोपलेलंच.

मला या गाडीबद्दल काही सांगायचं असेल तर ते हेच. सगळे एक्सीलरेटरवरच्या पायाबद्दल बोलतात, पण ॲव्हरेज ब्रेकवरच्या पायात आहे. गाडी पूर्ण थांबली की समोरच्या छोट्या पडद्यावर टक्के येतात: या ब्रेकमधली किती ऊर्जा परत मिळाली. पहिल्या आठवड्यात माझे ६०, ७० यायचे. ग्रँड रिव्हर रस्त्यावर सिग्नलमागे सिग्नल आहेत, आणि मी मुंबईत शिकल्यासारखी शेवटपर्यंत जायची आणि मग दाबायची. जोरात दाबलं की मोटरला तेवढा भार पेलत नाही, उरलेलं काम पट्टे करतात, आणि तेवढी कमाई गेली. मग मी लांबूनच पाय उचलायला लागले. सिग्नल लाल दिसला की आधी नुसता पाय काढायचा, मग पेडलवर ठेवायचा, फक्त ठेवायचा, आणि शेवटपर्यंत तोच दाब. दुधाच्या पातेल्याखालचा गॅस बारीक करावा तसा. महिन्याभरात ९५ च्या खाली आकडा येईनासा झाला. वहीत मे महिन्याचं पान बघितलं तर पहिल्या टाकीला ३८ आणि चौथ्या टाकीला ४३. रस्ते तेच, माल तोच, मोडही तोच.

आता मोड. पाच आहेत: नॉर्मल, इको, स्पोर्ट, स्लिपरी आणि टो/हॉल.

इकोवर माझा सुरुवातीला फार भरवसा होता. नावच तसं आहे. इकोमध्ये एक्सीलरेटर जड झाल्यासारखा वाटतो, तेवढंच दाबलं तरी गाडी सावकाश निघते, आणि एसीही हात आखडता घेतो. नवीन माणसाला, किंवा ज्याचा पाय मुळात जड आहे त्याला, याचा उपयोग होतो. माझी मुलगी चालवते तेव्हा इको लावून देते आणि फरक दिसतो. पण पाय एकदा शिकला की इको आणि नॉर्मलच्या टाक्यांत मला अर्ध्या मैलाचाही फरक मिळाला नाही. उलट चढावर किंवा हायवेला गाड्यांच्या रांगेत शिरताना इकोमध्ये पेडल जास्त दाबावं लागतं. मी आता नॉर्मलच ठेवते. उन्हाळ्यात गावातल्या गावात फिरायचं असेल तर इको.

स्पोर्टमध्ये इंजिन पटकन बंद होत नाही आणि पेडलला लगेच जागतं. रस्ता छोटा असेल आणि मागून ट्रक येत असेल तेव्हा ओव्हरटेकला चांगला. बाकी मला लागत नाही.

स्लिपरी बर्फासाठी. पेडल मऊ होतं, चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर गाडी लवकर आवरते. मिशिगनमध्ये हा मोड हवाच, पण बर्फाचे टायर त्याच्या आधी हवेत. मोड टायरला पकड देत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही, इतकंच.

टो/हॉलचा मात्र मी मनापासून वापर करते. एप्रिलमध्ये कंपोस्ट आणायचं असतं. लोडरवाला एका बकेटीत अर्धा घनयार्ड ओततो, ओलं असलं तर पाच-सहाशे पौंड सहज. हौदा खाली बसतो, गाडीचं नाक किंचित वर होतं. एकदा मी थोडं जास्तच घ्यायला निघाले होते, तर लोडरवाल्यानेच दाराचं स्टिकर वाचायला लावलं. माल असताना टो/हॉल लावला की पाय उचलल्यावर गाडी स्वतःहून जास्त आवरते आणि ब्रेकवर भार कमी येतो. त्या टाकीला ॲव्हरेज ३९ आलं, म्हणजे तीन-चार मैलांनी उतरलं. मालवाहू गाडीसाठी हे काहीच नाही. ट्रेलर ओढायचा असेल तर या हायब्रिडची मर्यादा दोन हजार पौंड, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता हिवाळा. इथे कुणी तुम्हाला नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या वहीत ३० ते ३२ लिहिलेलं आहे. लिटरला जेमतेम १३. पहिल्या वर्षी ते बघून मी घाबरले, अण्णांनी तर "मेस्त्रीला दाखव" म्हटलं. पण गाडीत काही बिघाड नव्हता. आत बसलेल्या माणसांना ऊब मिळते ती इंजिनाच्या गरम पाण्यातून. बाहेर शून्याखाली दहा सेल्सिअस असताना हीटर लावला की इंजिनाला ते पाणी गरम ठेवायलाच चालू राहावं लागतं, गाडी सिग्नलला उभी असली तरी. समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की तेच. गारठलेली बॅटरी पूर्वीसारखी भरभर घेत नाही आणि देतही नाही. थंडीत टायरमधली हवा दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पौंडाने उतरते, आणि थंडीसाठी वेगळं मिसळलेलं पेट्रोलही ताकदीला थोडं कमी असतं. ही सगळ्याच हायब्रिड गाड्यांची गोष्ट आहे.

यावर मला दोनच उपाय लागू पडले. पहिला, फेऱ्या एकत्र करणं. सकाळी दोन मैलांवर शाळा, घरी, मग तीन मैलांवर दुकान, परत घरी, असं केलं की चारही वेळा इंजिन थंडगार अवस्थेपासून सुरू होतं आणि तापतं न तापतं तोच आपण पोहोचलेलो असतो. तेच सगळं एका फेरीत केलं तर त्याच आठवड्यात ३५ मिळालं. दुसरा, हीटरचा आकडा ७२ फॅरनहाइटवरून ६६ वर आणणं आणि मांडीवर शाल. आणि घराच्या दारात गाडी पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवून गरम करू नका. त्या पंधरा मिनिटांचे मैल शून्य असतात आणि पेट्रोल खरं असतं.

हायवेबद्दल थोडक्यात. ताशी ७० मैलांना मला ३५ मिळतात, ७७ ला ३१. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि पिकअपचा उघडा हौदा आणि उभं नाक हवेला आवडणारं नाही. आय-७५ हायवेवर उत्तरेकडे जाताना बे सिटीच्या पुढे ७५ ची मर्यादा होते, तेव्हा सगळे ८० ला जातात आणि मी उजव्या लेनमध्ये ६८ ला. मॅकिनॉ पुलावर मात्र छोट्या गाड्यांना ४५. पाच मैलांचा पूल, खाली दोन सरोवरांचं पाणी, आणि मधल्या शिखरावरून उतरताना इंजिन बंद. फक्त टायरचा आवाज आणि वारा. मला ती पाच मैलं फार प्रिय आहेत.

गेल्या ऑक्टोबरला अण्णा आले होते. त्यांना घेऊन आम्ही टेनेसीला स्मोकी पर्वत बघायला गेलो. न्यूफाउंड गॅप ही तिथली खिंड, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर, उंची ५०४६ फूट. तिथून गॅटलिनबर्गला उतरायचं म्हणजे साधारण पावणेचार हजार फुटांचा उतार. अण्णा माझ्या शेजारी. उतार सुरू झाला तसा त्यांचा डावा हात मांडीवरून उठला आणि दोन सीटांच्या मध्ये गेला, जिथे चारशे सातला गिअरचा दांडा असायचा. इथे दांडा नाही, गोल बटण आहे. "गाडी गिअरात आहे ना? न्यूट्रल करू नको." चांदवडजवळच्या राहुड घाटात कांद्याने भरलेली गाडी त्यांनी कधी न्यूट्रलमध्ये उतरवली नाही. डिझेल वाचवायला तसं करणाऱ्यांचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

मी त्यांना पडदा दाखवला. गोल बटणावरचा 'एल', म्हणजे उतारासाठीचा लो, लावला होता. बॅटरीची खूण भरत चालली होती, इंजिन बंद. तीन-चार मैलांत ती काठोकाठ झाली, आणि मग एकदम इंजिनाचा आवाज चढला. अण्णा दचकले. "आता का रेस दिली?" मी दिली नव्हती. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि त्याच्या अडथळ्यावर स्वतःला रोखते. अण्णांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे इंजिन ब्रेकच की." तेच. भरलेल्या गाडीच्या त्या उतारात हिशेबाने सहा युनिटच्या आसपास ऊर्जा असते, त्यातली काही वारा आणि टायर खातात, आणि बॅटरी तर सगळी मिळून १.१ युनिटची. लांब घाटात हायब्रिडची कमाई पहिल्या काही वळणांतच पुरी होते. उलट चढताना ती साठवण तितक्याच लवकर संपते आणि सगळं ओझं इंजिनावर येतं. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी ४२ च्या आकड्यावर डोळे लावून बसू नये. लहान-लहान चढउतारांच्या रस्त्यावर मात्र ही गाडी शहरासारखीच कमावते.

त्या रात्री अण्णांनी पंपावर वही मागून घेतली. भागाकार त्यांनी केला: पूर्ण प्रवासाचे ३४.

घ्यायची असेल तर काय बघावं? २०२४ पर्यंतच्या हायब्रिडला फक्त पुढची चाकं ओढतात. माझं काम त्यात भागतं, पावसानंतर शेतातल्या गवतात गाडी नेतच नाही, बांधावर उभी करून हातगाडीवर माल नेते. २०२५ पासून हायब्रिडला चारही चाकांची सोय मिळते आणि पॅकेज घेतलं तर चार हजार पौंड ओढण्याचीही. किमतीच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. मी घेतली तेव्हा दोन डीलर छापील किमतीवर वर पैसे मागत होते, मी तिसऱ्याकडे पाच महिने थांबले. आणि टायर बदलायची वेळ आली की दिसायला दणकट म्हणून जाड नक्षीचे घेऊ नका, माझ्या ओळखीच्या एकीने घेतले आणि तिचे तीन मैल गेले.

आमच्याच मंडळातल्या एका मैत्रिणीचं घर टेकडीवर आहे, दारापर्यंतचा रस्ता उताराचा आणि डिसेंबरपासून बर्फाचा. तिला मी माझ्यासारखी घेऊ नको, चार चाकांचीच घे, असं सांगितलंय, ॲव्हरेज थोडं कमी आलं तरी.