सेमिनार निवडताना: पेपर मांडायचा की पेपरवर लिहायचं?

शोधनिबंध वाचायला शिकवणारे सेमिनार पदवीच्या पातळीवर साधारण दोन तऱ्हांचे असतात. एक जर्नल क्लबच्या धर्तीवरचा: दर आठवड्याला एकाची पाळी, एक पेपर, स्लाइड, मग प्रश्न. दुसऱ्यात पेपर मोजकेच, पण ते सगळ्यांनी वाचायचे आणि प्रत्येकाने पानभर लिहून द्यायचं. मी दोन्ही केलेत. मोजमाप काही केलेलं नाही, अनुभव तेवढा आहे.

पहिल्यात विषयांची रेलचेल असते आणि चारचौघांत बोलायची भीड चेपते, हे मान्यच. परंपराही जुनी: डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात असा क्लब काढला, तो महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती म्हणून. आता पेपर घरबसल्या मिळतो. वाचतो मात्र एकच जण, ज्याची पाळी तो.

माझं मन उडालं ते ग्राफच्या स्लाइडवरून. "इथे फरक दिसतोय" एवढं म्हणून वक्ता पुढे. बारच्या टोकावरच्या उभ्या रेघा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (नमुने किती विखुरलेत) की स्टँडर्ड एररच्या (सरासरीचा अंदाज किती चुकू शकतो), हे सांगणारी आकृतीखालची बारीक ओळ स्लाइडवर घेतलेलीच नसते. नमुने २५ असतील तर एररची रेघ डेव्हिएशनच्या एक पंचमांश भरते. आकडे तेच, चित्र मात्र किती नेटकं! विचारावं तर आपण पेपर वाचलेला नसतो. शिवाय मित्राला सगळ्यांदेखत कोंडीत कोण पकडणार? आठवड्यामागून आठवडे हेच.

लिहायचं म्हटलं की ही पळवाट बंद होते. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा डीएनएच्या नकलेवरचा पेपर घ्या. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले, त्यांचा डीएनए घनतेनुसार वेगळा केला आणि एका पिढीनंतर जड आणि हलक्याच्या मधोमध एकच पट्टा दिसला. बोलताना "म्हणजे नव्या रेणूत एक धागा जुना, एक नवा, हे सिद्ध झालं" इथेच खपून जातं. लिहायला बसलं की लक्षात येतं, एवढ्याने जुना रेणू अख्खाच्या अख्खा टिकतो ही शक्यता बाद झाली. जुने-नवे तुकडे सरमिसळ होतात ही अजून शिल्लक आहे. ती निकालात निघते दुसऱ्या पिढीत, मधला पट्टा जागच्या जागी राहून शेजारी वेगळा हलका पट्टा उमटतो तेव्हा. "सिद्ध झालं"खाली लाल रेघ आणि समोर "कोणत्या पिढीत?" एवढाच शेरा, पण मला तो कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त शिकवून गेला.

बोलायची धास्ती असेल किंवा पुढे कोणता विषय घ्यायचा हेच ठरत नसेल, तर पहिला निवडायला हरकत नाही. दुसरा घेण्याआधी मात्र आधीच्या बॅचला विचारा, कागद शेरे मारून परत मिळतात की नुसती सही होऊन. नुसती सही असेल तर त्यात फारसा अर्थ नाही. शेरे मिळत असतील तर मी तरी दुसराच घेईन.