रोटर हलवून दाखवला आणि डिस्ट्रिब्यूटर गेला

पॉइंटवर (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) चालणारी जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी हे जरूर वाचा. आमच्या गाडीतून मूळ डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग, गेला. तसा आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

गाडी बाबांची, १९८६ची अ‍ॅम्बेसेडर मार्क ४, १४८९ सीसीची. थंड असताना छान चालायची, तापली की मिसिंग, म्हणजे ठिणगी मधूनच चुकून इंजिन अडखळायचं. कात्रजच्या घाटात धक्के खाऊन बंद पडू लागली. नेहमीचे मिस्त्री गावाला गेले होते, म्हणून बाबांनी ती दुसऱ्या गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली, आत शाफ्टच्या टोकावर फिरणारा रोटर बोटांत धरून फिरवला. तो थोडा फिरला. "बघा काका, केवढा प्ले आहे! शाफ्ट गेला. पूर्ण डिस्ट्रिब्यूटर बदलावा लागेल. माझ्याकडे कंपनीचा जुना स्टॉक आहे." साडेसहा हजार घेतले. जुना परत मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

खरी लबाडी त्या रोटर फिरवण्यात आहे. रोटर फिरण्याच्या दिशेनं थोडा वळतो आणि सोडला की स्प्रिंगनं मागं येतो, तो तसाच यायला हवा. खाली अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा असतात, वेग वाढला की त्या ठिणगी लवकर पाडतात. म्हणजे चांगल्या डिस्ट्रिब्यूटरची खूण दाखवूनच तो खराब ठरवला. झीज बघायची तर शाफ्ट आडवा ढकलून बघायचा. शाफ्टला आधार देणारा बुश झिजला असेल तर शाफ्ट डुलतो आणि पॉइंटची गॅप तुमच्या डोळ्यांदेखत कमीजास्त होते.

नवा बसवल्यावर घाटातलं मिसिंग थांबलं, म्हणून बाबांचा विश्वास बसला. पण डिस्ट्रिब्यूटरबरोबर कंडेन्सरही, म्हणजे पॉइंट जळू न देणारा छोटा भागही, बदलतो! तापल्यावरच मिसिंग, पॉइंटची तोंडं जळून काळी पडणं, ही कंडेन्सर गेल्याची लक्षणं. (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइलही तापल्यावर असाच त्रास देते, पण ती तर बदललीच नव्हती.) किरकोळ किमतीच्या भागानं बरी होणारी गाडी होती ती.

पुढे आयडलिंगला इंजिन डळमळू लागलं. मिस्त्री परतले, त्यांनी ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावला तर पुलीवरची खूण एका जागी ठरेना. नव्या डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट आडवा ढकलला, चांगलाच डुलला. त्याची बॉडी पॉलिश केलेली आणि नंबराची जागा घासून साफ. आमच्या मूळ डिस्ट्रिब्यूटरवर नंबर स्पष्ट होता, बुशही मिस्त्रींनीच बदललेला. असा घट्ट शाफ्टचा माल हल्ली दुर्मिळ, म्हणूनच तो भंगारात गेला यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बाबांनी तो इतकी वर्षं जपला होता आणि तो असा गेला, याचा मला फार राग येतो.

तेव्हा कुणी डिस्ट्रिब्यूटर बदला म्हणालं तर आधी कंडेन्सर आणि पॉइंट बदलून गाडी घाटात चालवून बघा. पॉइंटची टाच कॅमच्या (शाफ्टवरचा पॉइंट उघडणारा उंचवटा) टोकावर आणून फीलर गेजनं (गॅप मोजायची पातळ पट्टी) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, कॅमला ग्रीसचं बोट लावा, मगच टायमिंग. उलट केलंत तर गॅप बदलल्यावर टायमिंग पुन्हा हलतं. डिस्ट्रिब्यूटरच्या नंबराचा फोटो आजच काढून ठेवा. आणि काढलेला भाग आधी आपल्या डिकीत, पैसे नंतर.